आबांच्या डाव्या हातातली कात्री

“पान्यापासून दूर राहाजो वं पोरी. अन् माणसाच्या लाडापासूनबी.”

खिळ्यावर टांगलेल्या म्हाताऱ्या विळ्यानं पहिल्याच दिवशी मला हे बजावलं होतं. मी ते मनावर घेतलं नाही. गंजून तांबडा झालेला, मुठीला सुतळी गुंडाळलेला तो विळा. त्याला माझ्यातलं काय कळणार, असं मला वाटलं. मी परदेशातून आलेली, नवी कोरी, आणि तो कुठल्या तरी लोहाराच्या भात्यापाशी जन्मलेला.

मित्रांनो, मी एक जुनी गवत कापायची कात्री आहे. दोन बोटं घालून कचकच चालवायची साधी कात्री नव्हे. मी विजेवर चालायची, पण मला वायर नव्हती. माझं अंग हिरव्या प्लॅस्टिकचं, मूठ नारिंगी. पुढे दोन दातेरी पाती आहेत. खालचं जागचं हलत नाही. वरचं बटण दाबलं की भराभर डावीउजवीकडे सरकतं आणि मधे सापडलेलं गवत कापून टाकतं. माझ्या पोटात सेल आहेत. टॉर्चमधले सेल संपले की आपण फेकून देतो, तसे हे नाहीत. हे रिकामे झाले की पुन्हा भरता येतात. त्यासाठी माझ्या मागच्या बाजूला एक बारीक भोक आहे. चार्जरची पिन त्या भोकात खोचायची, चार्जर भिंतीतल्या बोर्डाला लावायचा, चार्जरवरचा लाल दिवा पेटला की समजायचं, बाई जेवायला बसली.

माझा जन्म इंग्लंडमधल्या एका कारखान्यात झाला. तिथल्या दुकानात मी फार दिवस बसले नाही. मार्तंड नावाचे एक तरुण इंजिनिअर कंपनीच्या ट्रेनिंगसाठी तिकडे आले होते. त्यांनी मला उचललं, उजव्या हातात धरून पाहिलं, मग जरा थांबून डाव्या हातात धरून पाहिलं. डाव्या हातात का, ते मला तेव्हा कळलं नाही. नागपूरला परत निघालेल्या एका सहकाऱ्याच्या बॅगेत, लोकरी मोज्यांच्या मधे बसून मी लक्ष्मीनगरातल्या एका घरी येऊन पोचले. ही सत्तरच्या दशकाच्या शेवटाची गोष्ट.

घर लहान, पण पुढे हरळीचा एक छान तुकडा होता आणि त्याच्या भोवती तिरक्या पुरलेल्या विटांची ओळ. तो तुकडा मार्तंडच्या वडिलांनी, दत्तोपंतांनी लावलेला. घरात सगळे त्यांना आबा म्हणत. आबा सरकारी बांधकाम खात्यात नकाशे काढत. काळ्या शाईची रेघ ओढावी तर आबांनी, असं त्यांच्या ऑफिसात म्हणत असत. रिटायर झाल्यावर त्यांनी तीच रेघ अंगणात आणली. गवत कुठे संपतं आणि वीट कुठे सुरू होते, तिथली कड त्यांना सुतात लागायची.

आणि मग त्यांना लकवा झाला. उजवा हात खांद्यापासून लोंबू लागला, उजवा पाय ओढत टाकावा लागे. डॉक्टरांनी सांगितलं होतं, “यांना खाटेला लागू देऊ नका. रोज उठून बाहेर गेले पाहिजेत. एकदा का यांनी खाट धरली, की मग माझ्या औषधाच्या हातात काही नाही.”

हे ज्यांना सांगितलं त्या ताराताई, आबांची सून. बी. एस्सी. झालेल्या, वयानं लहानच. नवरा परदेशात, घरात आजारी सासरे आणि नुकती दुडुदुडु चालायला लागलेली मुन्नी. ताराताईंचे कान सदा दोन दिशांना असत. मुन्नी फार वेळ गप्प बसली की त्या हातातली कणीक टाकून धावत. दुपारी आबांचा डोळा लागला की दारात उभं राहून, पांघरूण वरखाली होतंय ना, ते बघून मगच स्वतः आडव्या होत. डॉक्टरांचं ते वाक्य त्यांच्या मनातून जातच नसे.

अशा बाईच्या पुढ्यात माझं खोकं उघडलं.

“यांना काही कळतं का?” ताराताई दातांकडे बघत म्हणाल्या. “घरात एवढंसं पोर, आणि हे करवत पाठवून राहिले.”

पहिल्यांदा माझ्या बाजूनं बोलले ते शेजारचे आनंदराव. दोन घरांच्या मधे कमरेइतकी भिंत होती आणि आनंदरावांचा अर्धा दिवस त्या भिंतीवर कोपरं टेकण्यात जाई. ते टेलिफोन खात्यात मेकॅनिक होते. आबांपेक्षा वयानं लहान, पण दोघांची थट्टा बरोबरीची चाले. आनंदरावांनी चार्जरचा प्लग हातात घेतला आणि हसले.

“सूनबाई, हे चौकोनी दाताची पिन. आपल्या बोर्डाचे भोकं गोल. हे इथं जेवन कशी?” त्यांनी घरून गोल पिनांचा प्लग आणून बसवला. “घ्या. आता झाली नागपुरी.”

आबा खुर्चीतून सगळं बघत होते. त्यांचं बोलणं आजारानंतर जरा जड झालं होतं. “आनंदराव, हिला वायर नाही. मग ही खाते कुठून?”

“मागून खाते अन् पुढून चावते, दत्तोपंत. आपल्या हेडऑफिसासारखी.”

आबा हसले. ताराताईंनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं, कारण ते हसणं त्या घरानं बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. माझं खोकं परत पाठवायची भाषा त्यानंतर कुणी काढली नाही.

दुसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर आबा काठी टेकत अंगणात उतरले. ताराताईंनी ठेंगणं स्टूल मांडलं आणि मुन्नीला कडेवर घेऊन पायरीवर उभ्या राहिल्या, माझे दात पोचणार नाहीत इतक्या लांब. माझ्या मुठीवर एक खटका आहे. तो दाबल्याशिवाय बटण दाबलंच जात नाही. लहान मुलांसाठी केलेली ती सोय. पण तो खटका उजव्या हाताच्या अंगठ्याला सापडावा असा बसवलाय. आबांनी तो डाव्या हाताच्या पहिल्या बोटानं दाबायची एक युक्ती शोधून काढली. मी घरघरले. पहिली हरळी कापली गेली तेव्हा आबांच्या कपाळावर घाम होता.

कड मात्र नागमोडी झाली. भिंतीवरून आवाज आला, “काय दत्तोपंत, वैनगंगा काढून राहिले का?”

“ही पेन्सिलची रेघ आहे,” आबा मान वर न करता म्हणाले. “शाई उद्या मारतो.”

मित्रांनो, ते माझ्या आयुष्यातले सगळ्यांत चांगले महिने होते. आबा रोज संध्याकाळी थोडी थोडी कड कापत. वैनगंगेचा नाला झाला, नाल्याची रेघ झाली. त्यांना भूक लागायला लागली. गल्लीतली मुलं फाटकाशी गर्दी करत आणि “आबा, एकदा चालू करा ना” म्हणत. येणारेजाणारे मला हातात घेऊन बघत, वा वा करत. काम झालं की ताराताई माझ्या दातांतलं गवत ब्रशनं काढत, कोरड्या फडक्यानं पुसत, मशीनचं तेल देत आणि स्वयंपाकघराच्या खिडकीजवळ, डालड्याच्या डब्याशेजारी, सगळ्यांत उंच फळीवर ठेवत. मुन्नी खालून हात नाचवी. ताराताई रोज एकदा खटका दाबून पाहत, की तो नीट बसतो ना. मग पुन्हा एकदा पाहत.

मग दसरा आला.

तुम्हाला ठाऊकच आहे, आपल्याकडे खंडेनवमीला घरातली हत्यारं, यंत्रं पुजतात. ताराताईंनी पाट मांडला. पाटावर शिवणकामाची कात्री, आबांची कंपासपेटी, तो खिळ्यावरचा विळा, आणि मधोमध मी. ओल्या फडक्यानं सगळ्यांना पुसून घेतलं. दरवर्षी पूजा आबा करत. आजारपणात मागच्या वर्षी ती राहून गेली होती. या वर्षी ते म्हणाले, “मी करतो. डाव्या हातानं केली तर देव काय परत पाठवणार आहे?”

त्यांनी कुंकू पाण्यात कालवलं. विळ्याला लावलं, कंपासला लावलं. माझ्याशी येऊन थांबले.

“हिचं तोंड कुठे, तारा?”

“पुढे. ती पाती.”

“ते तर दात झाले. जिथून खाते ते तोंड.” त्यांनी मला उलटं वळवलं. ओलं कुंकू बोटानं त्या बारीक भोकाला लावलं, वर हळद लावली, तिच्यावर अक्षता दाबली, फुलानं दूधपाणी शिंपडलं. डाव्या हाताला या कामाची सवय नव्हती, म्हणून बोट जरा जास्तच दाबलं गेलं. मग माझ्या अंगाभोवती झेंडूची ओली माळ घातली. मी इतकी सुखावले, की शेजारचा विळा माझ्याकडे टक लावून बघतोय हे मला दिसूनही दिसलं नाही.

पुजलेल्या हत्याराला दसरा होईपर्यंत कामाला लावायचं नाही, अशी रीत. म्हणून मी माळ घालून पाटावरच राहिले, आदल्या कामानंतर न जेवता. आत ओल मुरत राहिली.

दसरा झाला. आबा मला घेऊन अंगणात आले. खटका दाबला, बटण दाबलं. मी एकदा खोकल्यासारखी घरघरले, दोनचार काड्या तोडल्या आणि थांबले. ताराताईंनी चार्जर लावला. लाल दिवा पेटला नाही. काढून पुन्हा खोचला. नाही. दुसऱ्या खोलीतल्या बोर्डाला लावून पाहिला. नाही.

आबांनी मला मांडीवर घेतलं. बराच वेळ माझ्या मुठीवरून हात फिरवत राहिले.

“हिलाही झालं,” ते म्हणाले.

“काय झालं, आबा?”

“मला झालं तेच.”

आणि ते आत जाऊन खाटेवर पडले.

त्या संध्याकाळी त्यांनी गुडघ्याचं कारण सांगितलं. दुसऱ्या संध्याकाळी डोकं दुखतं म्हणाले. त्यानंतर कारणही सांगेनात. ताराताई म्हणत, “आबा, फाटकापर्यंत तरी चला.” ते म्हणत, “उद्या.” त्यांच्या चपला दाराशी जशा काढून ठेवल्या होत्या तशाच राहिल्या. चहावर साय धरे. मुन्नी खाटेजवळ जाऊन त्यांचं बोट ओढी, तर ते बोट सोडवूनही घेत नसत आणि उठतही नसत. अंगणात हरळी विटांवर चढायला लागली.

ताराताई घाबरल्या. डॉक्टरांनी सांगितलेलं डोळ्यांसमोर घडत होतं. त्यांनी माझी पाती रॉकेलनं धुतली, तेल दिलं. पाती बोटानं सरकवून पाहिली तर मोकळी सरकत होती. बोर्डाला टेबललॅम्प लावून पाहिला, तो पेटला. म्हणजे बोर्ड बरा, पाती बरी. पुढे काय करायचं ते त्यांना सुचेना. त्या दोनदा भिंतीपर्यंत जाऊन परत आल्या. आनंदरावांच्या घरी पाय ठेवायला जागा नव्हती. दसऱ्याला दीक्षाभूमीसाठी आलेले भंडाऱ्याकडचे, पवनीकडचे नातेवाईक अजून मुक्कामाला होते. अंगणात सतरंज्या अंथरल्या होत्या, चुलीवर मोठं पातेलं चढलं होतं. अशा घाईत गवताच्या कात्रीचं काय सांगायचं, असं ताराताईंना वाटे.

तिसऱ्यांदा त्या भिंतीशी गेल्या तेव्हा आनंदरावांच्या बायकोनं, भीमाबाईंनी त्यांना गाठलंच.

“काहून वं तारा? तोंड असं उतरून काहून राहिलं?”

ताराताईंनी सगळं सांगितलं.

“मग आधी काहून नाई बोलली?” भीमाबाई रागावल्या. “पाहुणे तं येत जात राह्यतात. तो माणूस खाटेवर पडून हाय अन् तू तिकडं आमच्या भाकरी मोजून राह्यली.” त्या मागे वळल्या. “अवो, जेवाचं मंग पाहू. आधी तुमचं ते काट्यावालं मशीन घ्या अन् इकडं या.”

आनंदराव काट्याचा मीटर आणि पेचकस घेऊन भिंतीवरूनच उतरले. व्हरांड्यात चटईवर मला आडवं घातलं. आतल्या खोलीचं दार उघडं होतं. खाटेवरून आबांना सगळं ऐकू जात होतं, पण त्यांनी कूस भिंतीकडे केली होती.

आनंदरावांनी चार्जरच्या पिनेला मीटर लावला. काटा उडाला. “चार्जर जित्ता आहे.” मग त्यांनी मला हलवलं, कानाशी नेलं, बटण दाबलं. कपाळाला आठी पडली. “सूनबाई, माझ्या मतानं सेल गेले. हे सेल सीताबर्डीत कुठं भेटत नाहीत. बंबईत पाहा लागन. तिथंबी भेटतीलच असं नाही.”

आतून आबांचा आवाज आला. “राहू द्या आनंदराव. गेलेलं परत येत नसतं.”

मित्रांनो, त्या क्षणी मला माझं काही वाटलं नाही. मी ताराताईंकडे पाहत होते. त्या चार्जरची पिन हातात घेऊन तशाच बसल्या होत्या. ती पिन त्यांनी माझ्यात खोचली, काढली, खोचली. नजर लाल दिव्यावर.

“काका, थांबा जरा,” त्या हळूच म्हणाल्या. “चार्जरमधून करंट निघतो. मीटर दाखवतो. पण हिच्यात पिन घातली की दिवा लागत नाही. सेल नुसते कमजोर झाले असते, तर खाताना दिवा लागला असता ना? म्हणजे घास पोचतच नाही. वाटेत अडतोय.”

आनंदरावांनी मीटर खाली ठेवला. “बात तं खरी आहे. मी सिद्धा पोटापर्यंत पोचलो.”

त्यांनी टॉर्च आणला. दोघांनी डोकी जोडून माझ्या त्या बारीक भोकात पाहिलं. आत जिथे पिन टेकते तिथे तांबूस पिवळं काहीतरी वाळून दगड झालं होतं, कडेनं हिरवट गंज चढला होता, आणि मधोमध तांदळाचा एक दाणा घट्ट बसला होता.

कुंकू कोणी लावलं होतं ते दोघांनाही माहीत होतं.

मग ताराताई अगदी खालच्या आवाजात म्हणाल्या, “आबांना सांगायचं नाही, काका. सेल बदलले म्हणू. त्यांना कळलं की आपल्याच हातानं झालं, तर आता आहेत तेवढेही राहायचे नाहीत.”

आनंदरावांनी मान हलवली. “नाई सांगत. तुझं घर आहे बेटा, तू म्हणशील तसं. एक सुई दे अन् कापूस दे. घंटाभरात चालू करून देतो.”

ताराताई सुई आणायला उठल्या. दारापर्यंत गेल्या आणि तिथे थांबल्या. त्या खाटेकडे बघत होत्या. भिंतीकडे वळलेली ती पाठ. तिथे उभ्या उभ्या त्यांच्या मनात काय आलं ते मला सांगता येणार नाही. एवढं पाहिलं, की त्या सुई, कापूस, काडी, इंजेक्शनच्या वेळच्या स्पिरिटची बाटली सगळं एका ताटलीत घेऊन आल्या, मला उचललं आणि आनंदरावांना न देता आत नेलं.

“आबा,” त्या म्हणाल्या, “कात्रीच्या तोंडात कुंकू वाळलंय. तुम्ही लावलेलं. आणि अक्षता अडकलीय. मी काढायला गेले तर आतली तार तुटेल अशी भीती वाटते. तुम्ही पेनची निब साफ करायचे तसं काढून द्या ना.”

आबा भिंतीकडे बघूनच म्हणाले, “म्हणजे मीच मारली हिला.”

“मेली नाही. घास अडकलाय.”

व्हरांड्यात आनंदराव उभे होते. एरवी कुठेही थट्टा करणारा तो माणूस आत्ता मीटरच्या तारा गुंडाळत होता. मुन्नी तेवढी ताटलीतला कापूस ओढायला बघत होती.

आबा कुशीवर वळले. हात टेकून, दमत, उठून बसले.

“चष्मा दे,” ते म्हणाले.

खाटेवर पाट ठेवला, पाटावर मी. मी सरकत होते. आबांनी डाव्या हातानं आपला लोंबणारा उजवा हात उचलला आणि माझ्या अंगावर आणून ठेवला, कागद उडू नये म्हणून नकाशावर वजन ठेवतात तसा. तो हात काही करत नव्हता, पण त्याचं वजन कामाला आलं. मी सरकायची थांबले. मग डाव्या हातात सुई. दाण्याच्या एका कडेला टोक लावलं, उचकटलं. दाणा निसटला, पुन्हा रुतला. त्यांनी चष्मा पुसून मागितला आणि पुन्हा टोक लावलं.

“हळू, दत्तोपंत,” आनंदरावांना आता राहवलं नाही. “दाढ नका उपटू तिची.”

“तुम्ही तिकडे बसा. तुम्ही तर तिला बंबईला धाडत होता.”

दाणा निघाला. काडीला कापूस गुंडाळून, स्पिरिटमध्ये बुडवून त्यांनी तो पिवळा थर थोडा थोडा सोडवला. कापूस लाल होऊन येई, ताराताई नवा गुंडाळून देत. शेवटी आनंदरावांनी झिजलेल्या पॉलिशपेपरची बारीक सुरळी करून दिली, तिनं गंज घासला. आत पितळ चमकलं. सगळं कोरडं झाल्यावर ताराताईंनी पिन खोचली.

लाल दिवा लागला.

आबांनी दिव्याकडे पाहिलं आणि विचारलं, “जेवायला किती वेळ घेईल?”

“उद्या संध्याकाळपर्यंत. बरीच उपाशी आहे.”

“मला पण दे काहीतरी,” आबा म्हणाले. भीमाबाईंनी भिंतीवरून पाठवलेली भाकरी आणि वांग्याची भाजी त्यांनी खाटेवर नाही, पाटावर बसून खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताराताई चहा घेऊन गेल्या तर खाट रिकामी. त्यांच्या हातातला चहा बशीत सांडला. न्हाणीघर पाहिलं, मागचं दार पाहिलं. मी स्वयंपाकघरातल्या फळीवर चार्जर लावून बसले होते, म्हणून ते अंगणात नसणार असंच त्यांनी धरलं. मला मात्र खिडकीतून दिसत होतं.

आबा अंगणात होते. स्टूल न घेता जमिनीवरच बसले होते, धोतर दवानं भिजलेलं. डाव्या हातानं विटांवर चढलेली हरळी उपटत होते. ताराताई धावत गेल्या.

“आबा, कात्री अजून झाली नाही.”

“माहीत आहे. ती येईपर्यंत कड शोधून ठेवतोय. विटा दिसेनाशा झाल्या होत्या.”

मला आधी थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. माझ्याशिवायच गेले. पण मग मी त्यांना वीट वीट मोकळी करत पुढे सरकताना पाहत राहिले. आदल्या दिवशी माझ्यातला दाणा काढताना ते उठून बसले होते. आता मी फळीवर असूनही ते अंगणात होते. डॉक्टरांना जे हवं होतं ते हेच.

त्यानंतर आबा बरीच वर्षं होते. मार्तंड परत आले. मुन्नी शाळेत जाऊ लागली, तिच्या भूगोलाच्या वहीत नद्या आबांनी डाव्या हातानं काढून दिल्या. एका हिवाळ्यात आबा गेले, पण अंथरुणाला खिळून नाही. आदल्या संध्याकाळी त्यांनी कड कापली होती.

माझे सेल पुढे खरोखरच संपले. आता मी बाजूच्या खोलीच्या खिडकीत, जुन्या रद्दीवर पडून असते. कुणी मला फेकलं नाही आणि कुणी हातातही घेतलं नाही. तक्रार नाही. पण मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखं एखादं यंत्र असेल, तर काम झालं की त्याला कोरड्या फडक्यानं पुसा. पूजा करा, जरूर करा. फूल शेजारी ठेवा, कुंकू पाठीवर लावा, करंटच्या वाटेवर नको. आणि ते अचानक गप्प झालं, तर लगेच गेलं म्हणू नका. करंट कुठून निघतो आणि कुठे अडतो, ते धीरानं बघा.

माझं आणखी एक काम आहे तुमच्याकडे. खरं तर त्याच्यासाठीच एवढं सगळं सांगितलं.

माझ्या खिडकीतून शेजारचं अंगण दिसतं. भीमाबाई गेल्या साली गेल्या. मुलगे दोघं, एक भिलाईला, एक चंद्रपूरला. आनंदराव एकटे राहतात. ताराताई रोज सकाळी भिंतीवरून त्यांना हाक मारतात, चहा देतात. पण या आठवड्यात आमचं सगळं घर लग्नाला अमरावतीला गेलंय. जाताना ताराताई दोनदा परत आल्या, भिंतीशी उभ्या राहून “काका, जेवाल ना वेळेवर?” विचारून गेल्या. ते म्हणाले, “जा ना तुम्ही, मी काय लहान पोरगा आहे?”

कालचं वर्तमानपत्र त्यांच्या फाटकात तसंच पडलंय. आज सकाळी पोऱ्यानं त्याच्यावर दुसरं टाकलं. ऊन डोक्यावर आलं तरी दोन्ही तिथेच आहेत. कदाचित ते बाजारात गेले असतील. कदाचित मुलाकडे गेले असतील. कदाचित नुसते पडून असतील, पाठ भिंतीकडे करून. मला पाय नाहीत आणि माझी घरघर कधीच थांबलीय.

लक्ष्मीनगर तुम्हाला लांब पडत असेल, तर तुमच्या शेजारी असं कोण आहे ते आठवा आणि त्यांच्या दारी जा. पण जवळ असाल तर आत्ताच इकडे या. फाटकाची कडी वरून निघते. दार वाजवा, “आनंदराव काका, आहात का?” म्हणून मोठ्यानं हाक मारा. आणि आतून उत्तर आल्याशिवाय तिथून हलू नका.